परकीची साक्ष

“एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. आणि तुमचं मन मध्ये घालायचं नाही.” बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि आता नवऱ्याच्या डाव्या अंगठ्याचं नख – कडेला जरा दुभंगलेलं, मुळाशी पांढरी कोर असलेलं – कापताना तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला. हा हात हातात घेतला की तो हल्ली यायचाच. नख चिवट होतं. माणूस आडवा झाला, वाचा गेली, उजवं अंग गेलं, पण नखं आपली वाढतायत, त्यांना जणू कुणी कळवलंच नाही... “झालं हं. बरं वाटतंय ना?” तिनं विचारलं. हातानं एकदा दाबलं. हो.

हो. दूध हवं? हो. खिडकी लावू? हो. मी जवळ बसू? हो. एवढ्या महिन्यांत तिनं विचारलं आणि हातानं हो म्हटलं, आणि त्या होकारांवर ती उभी होती. रोज सकाळी उठायचं, त्याचं सगळं करायचं, मग दातांच्या लॅबमधून घरी आणलेलं काम काढायचं – कुणाची तरी कवळी, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, रंगांच्या पट्टीशी दाताचा रंग ताडून बघायचा – आणि मध्येच उठून पुन्हा विचारायचं, मी आहे हं इथे, बरं वाटतंय ना?

पण आज त्याच्या खेळातली ती माणसं येणार होती. मेणाच्या वाटीखालची ज्योत मोठी राहून जावी आणि मेण तडतडायला लागावं, तसं सकाळपासून तिच्या आत काहीतरी तडतडत होतं. या खोलीत आवाज चढवायचा नाही, असा तिनं तो दवाखान्यातून घरी आला त्या दिवसापासून नेम धरला होता. पहाटे हात जोडले की ती पहिलं तेवढंच मागायची – आजचा दिवस जीभ ताब्यात ठेव. नेम मोडला नव्हता. मोडला नव्हता म्हणूनच राग बाहेर जायला वाट नव्हती. आणि रागवायचं तरी कुणावर? ह्याच्यावर? पडून असलेल्या माणसावर कोण रागावतं!

तिचा नवरा वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात होता. दिवसभर लोकांचे काटे तपासायचा, संध्याकाळी जेवून आतल्या लहान खोलीत जायचा, कानाला ते हेडफोन लावायचा आणि सम्राट व्हायचा. संगणकावरचा खेळ, तिला एवढंच माहीत. ताऱ्यांमधलं साम्राज्य, वलयं असलेले ग्रह, गलबतांचे ताफे, दूरदूरच्या गावांतली शेकडो खरी माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आणि त्या सगळ्यांचा हा सम्राट. हा! भाजीवाल्याशी भाव करायला लाजणारा. वरच्या मजल्यावरचे लोक दारात कचरा ठेवून जायचे तर त्यांना एक शब्द न बोलता स्वतः उचलून टाकणारा. बंद दारामागून त्याचा आवाज यायचा – ठाम, मोकळा, मध्येच खदखदून हसणारा – आणि ती बाहेर कुणाच्या तरी वरच्या दाढा बसवत विचार करायची, हा आवाज ह्या घरात मला कधी ऐकवलास रे?

एकदा म्हणाली होती, मलाही घ्या ना तुमच्यात. तो भिंतीकडे बघत राहिला होता. ‘बघू’ सुद्धा म्हणाला नव्हता.

आणि तो पडला ते तिच्या आधी त्यांना कळलं. हे ती विसरणार नव्हती. मधे एक भिंत, आणि तिला कळलं नाही, फोन वाजला, परका पुरुष ओरडत होता, “वहिनी, आत जा, आत जा, सम्राट पडलेत!” आणि तिनं, मूर्खासारखं, विचारलं होतं, “कोण सम्राट?”

तोच फोनवाला आज दारात उभा होता. तो सेनापती, लढाईवाल्यांचा पुढारी. आवाजावरून तिनं कुणीतरी उंचापुरा डोळ्यांसमोर आणला होता. हा बुटका, गोल चेहऱ्याचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, नखांत काळं ग्रीस. त्याच्यामागे महामंत्री, तहवाल्यांची. एका शाळेत भूगोल शिकवणारी, पिकल्या केसांची बाई, हातात संत्र्यांची पिशवी. दोघं एकाच गाडीनं आले होते आणि वाटेत भांडले होते हे दोघांच्या फिरवलेल्या मानांवरून दिसत होतं.

“वहिनी, त्रास देतोय,” सेनापती म्हणाला, आणि टेबलावर बघून दचकला. “हे दात कुणाचे?”

“गिऱ्हाइकाचे.”

“बरं, मला वाटलं मागच्या महामंत्र्यांचे.”

“आल्या आल्या सुरू झाले,” बाई म्हणाली. “माणूस आजारी आहे हो समोर.”

“म्हणूनच बोलतोय. त्यांना आवडायचं.”

त्यांना आवडायचं! तिनं ओठ मिटून घेतले. ह्यांना माहीत, ह्याला काय आवडायचं ते. सेनापती पलंगाजवळ गेला, वाकला, आणि त्या गोल चेहऱ्याचं पाणी पाणी झालं. “सम्राट, मी आलोय,” तो म्हणाला. नवऱ्याचे डोळे हलले. तिला वाटलं हलले. आणि ह्या वाटण्याचाही तिला राग आला.

बाईनं शांतपणे सगळं सांगितलं. गादी इतके महिने रिकामी. शेजारच्या तारासमूहाशी लढायचं असं ह्यांचं म्हणणं, तह करून व्यापार वाढवायचा असं आमचं. निम्मी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. चांगली माणसं, वहिनी, वर्षानुवर्षं एकमेकांच्या सुखदुःखाला धावलेली. आज संध्याकाळी संगणकावरच शेवटची सभा. निकाल लागला नाही तर साम्राज्य फुटणार. “वारस कोण ते सम्राटांनीच सांगायचं असतं. आणि त्यांना बोलता येत नसेल तर त्यांची इच्छा बाहेरच्या माणसानं सांगायची. आतला प्रत्येक जण कुठल्यातरी बाजूचा असतो ना. तुम्ही परक्या, म्हणून तुमचीच साक्ष चालते.”

“हा नियम कुणी केला?”

“त्यांनीच. स्वतः.”

परकी. स्वतः. म्हणजे हे लिहिताना तो त्या खोलीत बसलेला, आणि भिंतीपलीकडे मी. त्याला माझी आठवण झाली असेल का ते लिहिताना? झाली असेल तर वाईट, आणि झाली नसेल तर... त्याहून वाईट. मी त्याची लघवीची बाटली धुते, त्याच्या पाठीला पावडर लावते, आणि मी परकी. आणि हे दोघं, ज्यांना त्याच्या पाठीवर तीळ आहे हे ठाऊक नाही, हे आतले!

“हात जे म्हणेल ते तुम्ही सभेत स्वतःच्या तोंडानं सांगायचं,” बाई म्हणाली. “आमच्या सोयीचं असो नसो. जसंच्या तसं. शब्द द्याल?”

“दिला,” ती म्हणाली. इतक्या हळू, की सेनापतीनं पुन्हा विचारलं.

तिनं हात हातात घेतला. “अहो, ऐकताय? तुमच्यामागे गादीवर सेनापतींनी बसायचं का?”

एकदा. हो.

सेनापतीनं डोळे पुसले. बाई म्हणाली, “माझंही विचारा ना.”

“महामंत्र्यांनी बसायचं का?”

एकदा. हो.

एकदम दोघंही बोलायला लागले. “पहिलं दाबणं जोरात होतं, मी बघितलं!” “तुम्हाला काय दिसणार, तुम्ही रडत होतात!” “वहिनी, उलट्या क्रमानं विचारा.” तिनं विचारलं. महामंत्री? हो. सेनापती? हो. “अहो, आयुष्यात कुणाला नाही म्हणालेत का ते,” सेनापती हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच पडलं. आणि बाई – ती वाईट नव्हती, तिनं ते मायेनंच विचारलं, म्हणून तर ते असं आरपार गेलं – “वहिनी, रागावू नका... पण त्यांना कळतंय ना?”

“कळत नाही म्हणजे?” सेनापती उसळला. “मला ओळखलं त्यांनी!”

“गॅलरीत थांबा जरा,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “दोघंही.”

दार लोटल्यावर खोलीत फक्त श्वास राहिला. त्याचा की तिचा... व्यायामाच्या बाईंनी पुढचंही सांगितलं होतं, ते तिनं इतके दिवस खाली दाबून ठेवलं होतं: कधीकधी ती नुसती पकड असते, तान्ह्या बाळाची असते ना, बोट दिलं की मूठ मिटते, तशी, म्हणून ज्याचं उत्तर ‘नाही’ असंच यायला हवं, असाही प्रश्न विचारून बघत चला. तिनं कधी विचारला नव्हता. दूध हवं, खिडकी लावू, जवळ बसू – ज्यांची उत्तरं आधीच ठरलेली तेवढेच प्रश्न. मग हे महिने मी कुणाशी बोलत होते? एका मुठीशी? आणि हे मला कळवायला कोण आलं, तर ताऱ्यांवरून भांडणारी दोन वेडी माणसं, ज्यांनी माझ्या संध्याकाळी खाल्ल्या, वर्षंच्या वर्षं खाल्ल्या, आणि आता हा उरलेला हातही...

ती पलंगाच्या कडेला बसली. हात घेतला. कुजबुजत बोलली, त्या कुजबुजीत इतकी धार होती की ओरडणं बरं.

“एक सांगा मला. तिथे बरं वाटायचं तुम्हाला? इथल्यापेक्षा? घरा–”

वाक्य पुरं व्हायच्या आत हातानं दाबलं. एकदा.

तिला वाटलं होतं आपण हे ऐकून कोसळू. कोसळली नाही. ही पकडही असेल, तिनं स्वतःला सांगितलं, मन मध्ये घालू नकोस. मग दुसरा प्रश्न. विचारायचा नव्हता तोच.

“आणि माझ्याजवळ? माझ्याजवळ कधी वाटलं?”

हात हलला नाही.

ती थांबली. बाहेर दोघांची हळू आवाजातली बाचाबाची चालू होती, खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. हात तिच्या हातात ऊबदार, जिवंत, आणि गप्प. तिनं बोट आणखी आत सरकवलं; तान्ह्या बाळाची मूठ असती तर मिटली असती. ही मिटली नाही. ही बोटं जराशी, अगदी जराशी, ताठ झाली होती, आणि त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. भिंतीकडे होते.

आणि तिनं ओळखलं. अंगातून कळ जावी तसं ओळखलं. मलाही घ्या ना तुमच्यात म्हटल्यावर, आपल्याला मूल का नाही हो पुन्हा एकदा डॉक्टरांना विचारूया म्हटल्यावर, माझ्या भावाला तोंडावर ‘नाही’ सांगा ना म्हटल्यावर – हेच, हीच भिंत, हाच ताठपणा, हेच अवघड प्रश्नापासून अंग चोरणं! हा आहे. आत आहे, सबंध आहे, आणि तसाच आहे, पळपुटा! इतक्या वर्षांत ज्या गप्प बसण्याचा तिनं सगळ्यात जास्त तिरस्कार केला, त्यानेच आता तिला सांगितलं की तो गेलेला नाही. तिला हसू आलं, आणि रडू, आणि त्या दोन्हींच्या खालून वर आला तो राग – पण सकाळचा तो तडतडणारा, पत्ता नसलेला राग नव्हे. ताजा, खणखणीत, त्याच्या नावाचा. कितीतरी दिवसांनी भांडायला माणूस समोर होता.

“गादी सोडायची आहे?” तिनं विचारलं.

दोनदा. स्वच्छ, एकामागून एक. नाही.

“वा,” ती म्हणाली. “म्हणजे ‘नाही’ म्हणता येतं तर तुम्हाला. मला फसवत होतात इतके दिवस, दूध हवं, हो. खिडकी लावू, हो... गादीपाशी मात्र बरोबर ‘नाही’ आलं. म्हणून दोघांनाही हो. भांडत राहू देत, येत राहू देत. एवढं राजकारण, आणि माझ्याशी दोन शब्द नाहीत.” त्याचे डोळे भिंतीवरून हळूच तिच्याकडे आले, पकडला गेलेल्या माणसाचे असावेत तसे. “बघू नका माझ्याकडे. मी रागावलेय. आज नाही, उद्याही रागावणार आहे. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय तुमच्याकडे.”

तिनं त्याच्या गळ्यापर्यंत चादर ओढली. जरा जोरात ओढली.

गॅलरीचं दार उघडताच दोघं गप्प झाले. सेनापतीनं अर्धं संत्रं बाईला दिलं होतं आणि ते तिच्या हातात तसंच होतं.

“काय म्हणाले?”

“सभेत सांगेन.”

“आम्हाला तरी–”

“सभेत,” ती म्हणाली. “जसंच्या तसं सांगायचं ठरलंय ना?”

जसंच्या तसं. तिच्या मनात आलं, हातानं तर बरंच सांगितलं. गादीचं सांगायचं, ते सोपं, दोघांच्याही तोंडचं पाणी पळेल. पण त्याआधीचं? तिथे बरं वाटायचं इथल्यापेक्षा – हेही हातानंच म्हटलं, वाक्य पुरं व्हायची वाट न बघता म्हटलं. ते शेकडो परक्यांसमोर माझ्या तोंडानं? शब्द देताना मी काही वगळेन असं म्हणाले नव्हते. आणि मग तो जे म्हणाला नाही ते? ते कसं सांगतात, कुठल्या शब्दांत?

बाई तिच्याकडे निरखून बघत होती. शाळेत मुलाच्या तापलेल्या कपाळाकडे बघत असावी तशी. “वहिनी, नको असेल तर...”

“आत कसं यायचं ते दाखवा मला,” ती म्हणाली.

तिनं बोटांना चिकटलेलं गुलाबी मेण पदराला पुसलं, पलंगाकडे न बघता बोळातून गेली, आणि इतक्या महिन्यांत फक्त केर काढायला उघडलेलं ते लहान खोलीचं दार हलक्या हातानं लोटलं.