सहाच्या आत

"काका, शेवटचं पान बघितलंत ना?"

"डोळे झाकून सही करा हो बाई. एकवीस वर्षं कारकुनी केलीय मी, गवत नाही उपटलं!"

माझ्या भरवशावर वकीलबाईंनी सही केली.

आमच्या बाईंना अख्खं कोर्ट 'घड्याळबाई' म्हणायचं. प्रत्येक अर्जाचा साचा तयार. नावं, तारखा बदलल्या की दहा मिनिटांत अर्ज हातात. पक्षकारानं पाल्हाळ लावलं की ठरलेलं वाक्य, "गोष्ट नंतर, आधी कागद दाखवा." साडेपाचला कपाटाला कुलूप. बाकीचे वकील नाकं मुरडायचे, पण खटला बाईंकडेच पाठवायचे.

ही सगळी धावपळ बाईंच्या आईसाठी. आईला काही आठवत नाही. "पण सहाला दार वाजलं ना काका, की म्हणते, आली माझी मुलगी. उशीर झाला तर ओळखत नाही." मला हे काही पटत नव्हतं. घड्याळ बघून पोटच्या पोरीला कोण ओळखतं?

त्या दिवशी एका भाडेकरू विधवेचा स्थगितीचा अर्ज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घराला टाळं लागणार होतं. चार वाजता पुकारा झाला. न्यायाधीशांनी पानं उलटली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"वकीलबाई, वरती ही बाई आणि खाली विनंतीत कापडाची कंपनी? मी घर वाचवू कुणाचं?"

कोर्ट खदखदून हसलं. मागच्या अर्जातलं नाव साच्यात तसंच राहिलं होतं.

"दुरुस्त करून आणा. आजची यादी संपली की बघतो. नाहीतर उद्याची तारीख घ्या."

ती विधवा वकीलबाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आजच ऐकावं, साहेब," म्हणाल्या, ते पान दुरुस्त करून दिलं आणि बाकावर बसल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

स्थगिती मिळाली तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. ती विधवा वकीलबाईंचे हात सोडेना. मी फायली घेऊन बाईंबरोबर त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती.

पावणेसातला सांभाळणाऱ्या बाईनं दार उघडलं. आई खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले.

"आई, मी आले."

आईनं दोघांकडे परक्यासारखं पाहिलं. "बसा हं. माझी मुलगी वकील आहे. सहाला येते, येईलच इतक्यात." मग पुढे वाकून हळूच म्हणाली, "तिच्यापुढे पाल्हाळ नका लावू. आधी कागद दाखवा म्हणते. आणलाय ना कागद?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फायली माझ्याच हातात होत्या. बाईंनी त्यातली वरची घेतली.

"आणलाय," त्या म्हणाल्या.

आणि आईसमोरच्या खुर्चीच्या कडेवर, आमच्याकडे पक्षकार बसतात तशा, फाईल मांडीवर धरून बसल्या. आई दाराकडे बघत होती. थोड्या वेळानं बाईही तिकडेच बघायला लागल्या.