रस्त्यापलीकडची खुर्ची

नेब्रास्कातल्या आमच्या गावात शहर कधी आलं नाही, आमचा पिनकोडच शहरात गेला. वीस मैलांवर एक मोठं गोदाम झालं आणि सरकारी विम्याने त्या पिनकोडचा सगळा भाग शहरी ठरवला. शहरात ॲम्ब्युलन्सचा दर कमी, कारण तिथे हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असतं म्हणे. आमचं हॉस्पिटल चाळीस मैलांवर, ते काही या निर्णयाच्या धाकाने जवळ सरकलं नाही.

त्यातून गंमत अशी, की गावाबाहेरचा मातीचा रस्ता ओलांडला की दुसरा पिनकोड. तिथे अजून खेडंच. पेशंट जिथून उचलला तिथला दर मिळतो. म्हणजे अलीकडे पडला तो शहरी, पलीकडे पडला तो ग्रामीण. असले नियम करणाऱ्यांना एकदा आमच्या बर्फात उभं करायला हवं.

मी दिवसा शाळेची बस चालवते आणि तेव्हा बोलावणं आलं की ॲम्ब्युलन्सही चालवायचे. ती गाडी चालायची पॅनकेकवर. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गावाला नाश्ता घालायचा आणि देणगीतून टायर घ्यायचे. नोव्हेंबरच्या नाश्त्याला आमची डार्ला उभी राहिली. हिशेब तीच बघायची आणि गाडीत माझ्याबरोबरही तीच असायची.

"ग्रामीण दराची चार बिलं आली असती, तर गाडी टिकली असती. आता उन्हाळ्यात विकावी लागेल."

सगळे ताटलीत बघत बसले. एकटे वर्लिनकाका बोलले. यांचं घर रस्त्याला लागून अलीकडे, आणि यांच्या बायकोला, ओपलला, याच गाडीने दोनदा वेळेवर हॉस्पिटलात पोचवलं होतं.

"पलीकडून उचललं तर चालतं का गं?"

"चालतं की," डार्ला म्हणाली. "पण तिथे पडणार कोण, काका? नुसता मका आहे."

सगळे हसले. काका हसले नाहीत.

जानेवारीत त्यांचा फोन आला. छातीत दुखत होतं. आम्ही पोचलो तर स्वयंपाकघर रिकामं, शेगडी चालू. मी हाका मारत सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. तेवढ्यात डार्ला दारातून किंचाळली. पलीकडे, कापलेल्या मक्याच्या बर्फाळ शेतात, वर्लिनकाका घोंगडं पांघरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले होते. ओठ निळे पडले होते.

"काका, अक्कल गहाण टाकलीत का?" मी ओरडले.

"पोरी," ते धापा टाकत म्हणाले, "मला ग्रामीण लिही."

काका वाचले. मी झालं ते सगळं लिहिलं, खुर्चीसकट; खोटं लिहायची सोय नसते. विम्याचं उत्तर आलं: पेशंट खुर्ची घेऊन रस्ता ओलांडू शकला, त्या अर्थी त्याला ॲम्ब्युलन्सची गरज नव्हती. ना शहरी, ना ग्रामीण. एक डॉलर नाही.

ते सांगायला मी काकांकडे गेले तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. काका त्याच खुर्चीवर बसून शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे खुर्ची नडली."

"खुर्चीचं काय घेऊन बसलात? जीव जात होता तुमचा!"

"तेच म्हणतोय. पुढच्या वेळी रांगत जातो."

मला हसू यायला हवं होतं. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले.

जूनमध्ये गाडी विकली. आता काका कुठल्याही बाजूला पडले, तरी उचलायला कोणी येणार नाही.