काचेवरचं हसू

...नाक तरी त्याचं होतं. चेहरा रंगवलेली तळहाताएवढी काच तिने उजेडाकडे धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ धरली — नाक त्याचंच. पण त्याखालचं हे मधाळ हसू कुणाचं? इतक्या वर्षांच्या संसारात असं हसू तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं, आणि आता नवऱ्याच्या स्मरणार्थ चर्चमध्ये बसणाऱ्या खिडकीतून ते आल्यागेल्याला फुकट मिळणार होतं.

"दादा अगदी असाच होता," नणंद डोळे पुसत म्हणाली.

असाच? खिडकीतल्या चित्रासारखा, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ? शेजारच्या मेंढ्या परसात शिरल्या की हाताला लागेल ते घेऊन तो त्यांच्यामागे धावायचा. फादरांचं प्रवचन लांबलं की पुढच्या बाकावर बसून खुशाल जांभया द्यायचा... पण खिडकी नणंदेच्या हौसेची, आणि गेलेल्या माणसावर बायकोपेक्षा गावाचाच हक्क जास्त, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

काचवाला खोळंबला होता. "बाई, काय ते आत्ताच सांगा. रंग अजून कच्चा आहे, बोटानेसुद्धा निघेल. एकदा भट्टीत भाजला की देव आला तरी बदलायचा नाही."

"छान आहे की. भाजून टाका," नणंद म्हणाली.

"थांबा."

उद्या लेकीला मूल होईल, ते वर बोट दाखवून विचारेल, हे आजोबा का? आणि लेक — बापाच्या नुसत्या खाकरण्याने जी पुस्तक उघडून बसायची — तीसुद्धा हो म्हणेल. मग माझा तो तिरसट माणूस जाणार कुठे? मला तोच हवाय. आठ्यांसकट हवाय.

"कपाळाला आठी असायची त्यांच्या," ती म्हणाली. "आणि तोंड जरा वाकडं."

"वहिनी, अहो, चर्चच्या खिडकीत वाकडं तोंड?"

काचवाल्याने मात्र रंग खरवडायची काडी उचलली. "आठी उभी की आडवी? आणि वाकडं कुठल्या बाजूला?"

कुठल्या बाजूला... हा काय प्रश्न झाला? रोज उठून तेच तर बघितलं. तिने डोळे मिटले. जेवताना — नाही. भांडताना तरी दिसेल. म्हणून तिने त्यांचं सगळ्यात मोठं भांडण उकरून काढलं, शब्द न् शब्द ऐकू आला, आदळलेली भांडी ऐकू आली, आणि दाराशी जाऊन तो तिच्याकडे वळला... आणि हसला. गोड, शहाण्यासारखा, काचेवर हसत होता तसाच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्या, निदान आता तरी —

"बाई, आठी?" काचवाल्याने विचारलं.

"थांबा हो जरा," ती डोळे न उघडता म्हणाली, "अजून चिडत नाहीयेत ते."