झऱ्याचा नमुना

माणसाची संस्कृती म्हणजे विष्ठा आणि पिण्याचं पाणी यांच्यात राखलेलं अंतर, दुसरं काही नाही. हे वाक्य मी सत्तावीस वर्षांपूर्वी जलशुद्धीकरण केंद्राच्या मुलाखतीत बोललो होतो. समोरच्या साहेबांनी विचारलं, "टायपिंग येतं का?"

तेव्हापासून मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. रोज सहा ठिकाणचे नमुने घ्यायचे, तपासायचे, सही ठोकायची. आज शहरात कोणी पाणी पिऊन मेलं नाही, म्हणून मला कधी कोणी फूल दिलेलं नाही. तक्रार नव्हती. पण एका रविवारी धाकट्या भावाकडे आईला भेटायला गेलो, तिला नळाचं पाणी पेल्यात दिलं, तर तिनं एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला.

"मेलेलं आहे ते," आई म्हणाली.

"रागावू नकोस, दादा," धाकटा म्हणाला. "आम्ही हल्ली झऱ्याचंच पितो. न उकळलेलं, न गाळलेलं. जिवंत."

धाकटा ऑफिसांना खुर्च्या विकतो. टेकडीच्या पायथ्याशी खडकातून येणारा झरा त्याच्या मंडळाला चार महिन्यांपूर्वी सापडला होता. सकाळी चाळीस माणसं निळ्या बाटल्या घेऊन तिथं रांग लावतात आणि पाणी घाबरू नये म्हणून एकमेकांशी बोलत नाहीत. आईही घडीची खुर्ची घेऊन जाते. खडकातून पडताना डोळ्यांनी पाहील तेवढंच पिते.

"त्यात जे जिवंत असतं ना, त्यांची नावं मला पाठ आहेत," मी म्हणालो. "त्यातलं एक जरी आईच्या पोटात गेलं तरी एकोणऐंशीव्या वर्षी तिला झेपणार नाही."

"माझे गुडघे बघ आधी," आई म्हणाली. "जिना चढते मी."

"गुडघे पाणी पितात का?"

"लहानपणापासून असाच तू. याचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही तुला."

मी एक भरलेली बाटली उचलून आणली. सोमवारी नमुना तपासायला घेतला तेव्हा अहवाल मनात लिहून तयार होता, फक्त जंतूंचे आकडे भरायचे राहिले होते. क्लोरीन तपासायची गोळी केवळ सवयीनं टाकली. पाणी गुलाबी झालं.

झऱ्याचं पाणी गुलाबी होत नाही. क्लोरीन असेल तरच होतं. दुसरी गोळी टाकली. पुन्हा गुलाबी. मग भिंतीवरचा नकाशा पाहिला. आमची मुख्य पाइपलाइन त्याच टेकडीखालून जाते. धाकट्याचा झरा म्हणजे आमची गळती होती. चार महिने आई मी तपासलेलं पाणी पीत होती, आणि तेच माझ्या हातून मिळालं की थुंकत होती.

शहाण्या माणसानं इथं गप्प बसायचं असतं. आई सुखरूप होती. मी गळती-दुरुस्तीचा अर्ज भरला, तीन प्रतींत, वर लाल शाईनं 'तातडीचे'. ज्या खात्याला आमच्या गल्लीतला खड्डा बुजवायला अकरा महिने लागले, त्यानं ही गळती दोन दिवसांत बंद केली. मग मी मोठ्या खुशीत धाकट्याला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे झरा तू बंद केलास," तो म्हणाला.

"झरा नव्हताच तो, गाढवा! पाइप होता!"

"मंडळात सांगतच होते, तुमचं खातं एक दिवस असंच काहीतरी म्हणेल म्हणून. जाऊ दे. टेकडीवर दुसरा सापडलाय आम्हाला."

मी पुन्हा नकाशा पाहिला. तिथं पाइप नव्हता. झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरांचा गोठा होता.

"आईला नेऊ नकोस तिथं. आधी मला नमुना आणून दे."

"तुझ्या नमुन्यानंच वाट लावली आमची," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावरून तडक त्यांच्याकडे गेलो, तर आई सकाळीच बाटली भरून आली होती आणि तीन पेले संपवून बसली होती. "गोड आहे," म्हणाली. उरलेलं मी तपासायला नेलं. निकालाला अठ्ठेचाळीस तास लागतात. आईचा छत्तीस तासांत आला.

पाच दिवस सलाइन. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली, असं डॉक्टर म्हणाले. सहाव्या दिवशी धाकटा मला वॉर्डाबाहेर घेऊन आला. डोळे सुजले होते त्याचे.

"घरी गेल्यावर ती काय पिणार, दादा?"

"नळाचं."

"नाही पिणार. इथलंही कुंडीत ओततेय. वरच्या झऱ्यावर घेऊन चल म्हणते." तो फरशीकडे बघत राहिला. "तुझी ती गळती... पुन्हा सुरू करता येईल का?"

मी त्याला जे जे म्हणालो ते दोन मजल्यांनी ऐकलं. नर्सनं मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो आणि अर्जांचं कपाट उघडलं. गळती बंद करण्याचा अर्ज आहे. सुरू करण्याचा नाही.