करवंटीचे निखारे

कोकणातल्या माणसाला थंडी म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं नासिर मुकादमांचं ठाम मत होतं. कानाला मफलर आणि वरून टॉवेल गुंडाळून एस.टी.ची वाट बघणारी माणसं दिसली की त्यांना हसू यायचं. तीस वर्षं जहाजावर फिटर म्हणून काढलेला माणूस, डेकवरचा बर्फ हातोड्याने फोडलेला. मंडणगडच्या डोंगरातली थंडी त्यांच्या हिशेबी थंडीच नव्हती. पण यंदाच्या जानेवारीत मोबाइलवर तापमानाचा आकडा आठवर आला आणि अडुसष्ट वर्षांची हाडं कुरकुरायला लागली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? बायकोला, हाजराला, जाऊन चौदा महिने झाले होते.

घर पाच खोल्यांचं. जुनं कौलारू पाडून त्यांनीच हौसेने बांधलं होतं, वर स्लॅब, सरकत्या काचांच्या खिडक्या, काचांना रबर. धूळ नको, माकडांनी कौलं फोडायची कटकट नको. हाजराला या घरात कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून ती दिवसभर खिडक्या उघड्या टाकायची. ती गेली आणि नासिरनी एकेक करत सगळ्या लावून घेतल्या. आता ते स्वतः फाटकाकडच्या एका लहान खोलीपुरते उरले होते.

मुलगी महरीन कतारला. तिचा फोन शुक्रवारी यायचा. गेल्या शुक्रवारी ती म्हणाली होती की, बाबा, हीटर घ्या, जाड रजई घ्या, नाहीतर सरळ इकडे या. नासिरनी तिला उडवून लावलं. मला काय धाड भरल्येय, म्हणाले. घरात ऊब आहे, माणसांची ये-जा आहे, तू तुझं बघ. यातलं एकही खरं नव्हतं, आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला होता.

मंगळवारी पहाटे तर बोटं वाकेनात. आठवडाभर मशिदीत जाणंही बंद झालं होतं. घरातच नमाज पढून ते मागच्या पडवीत गेले, अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत करवंट्या पेटवल्या. त्यांची आई थंडीत हेच करायची. करवंट्या चांगल्या फुलू द्यायच्या, धूर संपला की निखारे घमेल्यात घ्यायचे आणि घमेलं खाटेखाली सरकवायचं. धूर गेला म्हणजे धोका गेला, हे या भागातलं पोरसुद्धा सांगेल. नासिरनीही धूर जाईपर्यंत धीर धरला. मग घमेलं खोलीत आणलं, दाराला आतून कडी घातली, आणि ऊब निसटू नये म्हणून दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. आईच्या वेळी वर कौलं होती आणि कौलांच्या फटीतून आभाळ दिसायचं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

किती छान वाटलं म्हणून सांगू. पाय शेकले, कंबर सैल झाली, कितीतरी दिवसांनी डोळा लागला.

जाग आली ती डोकेदुखीने. बाहेर चांगलं उजाडलं होतं. तोंडात पाणी येऊन मळमळत होतं. झोप अर्धवट झाली असेल असं म्हणून ते पुन्हा कुशीवर वळणार, तोच फाटक वाजलं. वाडीतली गंगा दूध घेऊन आली होती. रोज आठ वाजता ती फाटकाच्या आकड्याला पिशवी अडकवायची आणि पुढे जायची. नासिरना वाटलं, हिला हाक मारावी. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. उठायला गेले तर पाय त्यांचे राहिले नव्हते. चपलांचा आवाज लांब लांब गेला.

तेव्हा त्यांना ते दोघं आठवले. जहाजाच्या बंद टाकीत उतरलेले खलाशी, ना धूर ना वास, विषारी हवेत नुसते दमल्यासारखे खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. नासिर घाबरले, अगदी लहान मुलासारखे घाबरले. त्यांनी स्वतःला खाटेवरून खाली लोटलं, कोपरांवर सरपटत दार गाठलं, टॉवेल उपसला आणि फटीला तोंड लावून गार हवा ओढत पडून राहिले. ज्या थंडीला कोंडून बाहेर ठेवलं होतं, तिनेच त्यांना वाचवलं. बऱ्याच वेळाने हात कडीपर्यंत पोचला.

दुपारभर ते ओट्यावर बसून होते. आपण आज गेलो असतो तर कधी कळलं असतं, याचा विचार डोक्यातून जाईना. गंगाने उद्या पिशवीशेजारी दुसरी पिशवी अडकवली असती. मशिदीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं असतं, नासिर मुंबईला गेला. महरीनने शुक्रवारी फोन केला असता. म्हणजे चौथ्या दिवशी. तोवर आपण या जगात नाही हे कुणालाच कळलं नसतं, या विचाराने त्यांना रडू आलं, आणि बघायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

बुधवारी आठ वाजता ते गोधडी पांघरून फाटकात उभे राहिले. गंगा दचकली.

"काय झाला, चाचा? बरा नाय काय?"

नासिरनी निखाऱ्यांचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "उद्यापासून पिशवी नुसती अडकवून जाव नको, गंगाबाय. हाक मार. मी ओ दिली की मगच जा."

"आनि ओ नाय दिलीत तर?"

"तर आत ये. कडी घालत नाय मी आता."

गंगाने मान हलवली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

गुरुवारी नासिर पाचलाच उठून बसले. खिडकी वीतभर उघडी होती, खोलीत बर्फासारखा गारठा. दोन स्वेटरांवर गोधडी घेऊन ते फाटकाकडे कान लावून होते. आठला फाटक वाजलं.

"चाचा!"

ओ अगदी ओठांवर आली होती. पण चौदा महिन्यांत या घराच्या दारात त्यांना कुणी हाक मारली नव्हती. ते गप्प राहिले, तिने आणखी एकदा हाक मारावी म्हणून.