इल्पोच्या शेजारची सीट

इल्पोने गाडी घ्यायचं मनावर घेतलं आणि राइयाचं नाव घरात पुन्हा ऐकू यायला लागलं.

मुलं शिकून हेलसिंकीला गेली होती. ज्या लांबलचक गाडीतून त्यांना आणि त्यांच्या स्की-सायकलींना वर्षानुवर्षं वाहून नेलं, ती विकून झाली होती. कागद गिरणीतली नोकरी संपल्यावर इल्पो एका सकाळी कॉफीत पाव बुडवत म्हणाला, "आता एक गाडी माझ्यासाठी. जुनीच घेऊ, पण चालवताना मजा आली पाहिजे. आणि जानेवारीतल्या थंडीत कुरकुर न करता चालू झाली पाहिजे."

त्याच्या बायकोला, मेर्वीला, त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिला खटकलं ते त्याचं पुढचं वाक्य.

"राइयाला सोबत नेईन म्हणतो. तिच्या नजरेतून गंज सुटत नाही."

लग्नाआधी इल्पो रॅलीच्या शर्यतीत गाडी चालवायचा. जंगलातल्या खडीच्या रस्त्यांवर तो सुसाट सुटायचा आणि शेजारच्या सीटवर बसून पुढचं प्रत्येक वळण त्याला आधी सांगायची ती राइया. आता ती वाहन तपासणी केंद्रात काम करत होती. लग्न केलं नव्हतं. या दोघांमध्ये कधी तसलं काही नव्हतं, हे मेर्वीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिला उघड रागावताही येईना.

मग दर शनिवारी ते दोघं गाड्या बघायला जाऊ लागले. इतकी वर्षं शनिवारी दुपारीच दोघांना वाफ घ्यायला सॉना तापायचा. आता मेर्वी लाकडं रचून बसायची आणि इल्पो अंधार पडता पडता यायचा, गाल लाल, तोंड एकसारखं चालू.

"आजची चार दारांची होती. दिसायला अशी देखणी! राइया खाली शिरली आणि हातोडीने ठोकत सुटली. रंगाखाली नुसता गंज! ती म्हणाली, गाडीवर जीव जडवायच्या आधी तिला खालून बघावं."

"बरंच की," मेर्वी बटाटे सोलत म्हणाली. "मी तुला वरूनच बघितलं, तिथेच फसले."

इल्पो मोठ्याने हसला. तिला हसायचं नव्हतं. त्याने आणखी काय काय सांगितलं: एकीचं इंजिन दमदार होतं, पण पोरासोरांच्या हातून फिरून आली होती, दुसरी अगदी भरवशाची, पण चालवताना झोप यावी अशी. प्रत्येक गोष्टीत 'राइया म्हणाली' होतंच. मेर्वी बटाट्यांची सालं जाड जाड काढत राहिली.

मे महिन्यात रस्ते सुकले आणि एका गडद हिरव्या दोन दारी कूपेची बातमी आली. हिल्या नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंची होती. "या वेळी मीही येते," मेर्वी म्हणाली. इल्पोने आश्चर्याने बघितलं, पण आनंदाने हो म्हटलं. त्या आनंदाचाही तिला राग आला.

हिल्याबाई दारातच उभ्या होत्या. गुडघा गेला होता, क्लच दाबवत नव्हता, म्हणून विकायची. "हिवाळाभर कोठारात झाकून ठेवायचे हो मी," त्या म्हणाल्या. "बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्या रस्त्यावर एकदाही नेली नाही." राइया चटई टाकून गाडीखाली गेली आणि बराच वेळ खालून आवाज आला नाही. बाहेर आली ती हात पुसत, आणि इल्पोकडे बघून तिने नुसती मान हलवली. तेवढ्यावरून त्याला सगळं कळलं. मेर्वीला मात्र विचारावं लागलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे चोख आहे," राइया म्हणाली.

फेरी मारायला निघताना राइया सवयीने पुढे बसली. मेर्वी मागे शिरली, गुडघे हनुवटीला टेकवून.

"अगं, नवरा तुझा ना?" हिल्याबाई खिडकीतून वाकून म्हणाल्या. "मग तू मागे कशी?"

इल्पोने गाडी सुरू केली.

जंगलातला रस्ता सुरू झाला. इल्पोने वेग वाढवला, फार नाही, पण इंजिनाचा सूर बदलला. आणि राइया अचानक, हातात कागद नसताना, वळणं आणि ती किती तीव्र त्याचे आकडे बोलू लागली. "डावं चार. चढ, माथ्यावर सरळ राहा. उजवं तीन, आवळत जातं. आत कापू नकोस." त्या दोघांनी तरुणपणी शर्यतीत चालवलेला रस्ता होता तो. ती बोलायची आणि तिचा शब्द संपेपर्यंत गाडी वळलेली असायची. ते एकमेकांकडे बघतही नव्हते. आरशात मेर्वीला इल्पोचा चेहरा दिसला. हलका, जागा, पंचविशीतला. असा चेहरा करून त्याने तिच्याकडे कधी बघितलं होतं? लग्नात? मुलं झाली तेव्हा? तिला आठवेना, आणि तिच्या अंगाची आग आग झाली.

परत आल्यावर हिल्याबाईंनी विचारलं, "मग, पसंत?"

इल्पोने तोंड उघडायच्या आत मेर्वी म्हणाली, "नाही. मागे माणूस बसू शकत नाही. नातवंडं आली की काय डोक्यावर बसवायची?"

नातवंडं अजून नव्हतीच. इल्पोने तिच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं."

राइयाने हात पुसायचं फडकं घडी करून खिशात घातलं.

त्यानंतरचे शनिवार मेर्वीला हवे तसे गेले. इल्पो घरी राहिला. पन्हळी साफ केल्या, तळ्यावरच्या धक्क्याच्या फळ्या बदलल्या, सॉना वेळेवर तापवला. भांडला नाही, टोमणा मारला नाही. पण बोलायचा ते हवामानाचं. बाकावर शेजारी घाम गाळत बसलेला तो माणूस कुणी पाहुणा वाटावा, इतका परका होता. मेर्वी जिंकली होती, पण त्यात सुख म्हणून नव्हतं. आणि गंमत अशी की राइयाचं नावही निघत नसताना तिचा जळफळाट तसाच होता. तो चेहरा राइयाने बघितला होता, अगदी जवळून, पुढच्या सीटवरून.

शेवटी ती एका दुपारी तपासणी केंद्रात गेली. राइया कुणाच्या तरी गाडीचे दिवे बघत होती.

"ती हिरवी गाडी खरंच चांगली होती का?" मेर्वीने विचारलं.

"एवढ्यात मी बघितलेली सगळ्यात चांगली. गंज नाही, गिअर लोण्यासारखे, आणि वळणावर हसवते."

"मग मी नाही म्हटलं तेव्हा तू गप्प का बसलीस?"

"मी कोण बोलणारी?" राइयाने हातमोजे काढले. "खरं सांगू? तुला विचित्र वाटेल, पण ऐक. मला इल्पो कधीच नको होता. नवरा म्हणून तर फुकटही घेतला नसता, घोरतो म्हणे. मला ती सीट हवी होती. तुमचं लग्न झालं, त्याने शर्यती सोडल्या, आणि ती सीट तुला मिळाली. आणि तू काय केलंस? तू तिच्यावर झोपतेस! पार उत्तरेला रोव्हानिएमीपर्यंत झोपून गेलीस, त्यानेच सांगितलं मला. इतकी वर्षं मी तुझ्यावर जळतेय, मेर्वी."

आपल्यावरही कुणी जळत असेल, हे मेर्वीच्या ध्यानीमनी नव्हतं. ती म्हणाली, "मला शिकव मग. ती वळणं सांगायला."

"नाही," राइया लगेच म्हणाली. "गंज कसा ओळखायचा ते शिकवीन. हे नाही. एवढं एक माझं राहू दे."

मेर्वीला राग यायला हवा होता. पण तो नकार तिला स्वच्छ वाटला. तिथून ती तडक हिल्याबाईंकडे गेली. गाडी अजून अंगणातच होती.

"या वेळी कुठे बसणार?" हिल्याबाईंनी विचारलं.

"चालवणार," मेर्वी म्हणाली.

म्हाताऱ्या बाई काठीसकट शेजारी बसल्या. पहिल्या चढावर मेर्वीने इंजिन बंद पाडलं. "घाबरू नकोस, ती चावत नाही," हिल्याबाई म्हणाल्या. मग मेर्वीने गाडी खाली सोडली, वळण आलं, आणि मागची चाकं खडीवर किंचित सरकून पुन्हा जागेवर आली. तिच्या तोंडून किंकाळी निघाली आणि पाठोपाठ हसू. हिल्याबाईंनी तिला तोच रस्ता पुन्हा घ्यायला लावला.

गाडी मेर्वीने घेतली, स्वतःच्या नावावर. अंगणात ती आली तेव्हा इल्पो शिडीवर होता. तो इतक्या हळू खाली उतरला, की जणू गाडी दचकून उडून जाईल.

"ही कुणाची?"

"माझी. मागितलीस तर देईन."

उन्हाळाभर दोघं फिरले. कधी तो चालवायचा, कधी ती. तिची झोप उडाली होती. वळणं तिला सांगता येत नसत, पण समोर हरीण दिसलं की ती त्याच्याआधी ओरडायची. तो चेहराही तिने बघितला, शेजारून, दोनदा-तीनदा. राइयासोबत होता तितका उजळ नव्हता. हे तिला कळलं, आणि तिने ते स्वतःपाशीच ठेवलं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तिनेच राइयाला फोन केला. "आज गाडी तुम्ही दोघं न्या. सॉना तापायच्या आत परत आणा."

दोघं निघाली. जंगलाच्या वळणावर इंजिनाचा सूर बदलला, तो मेर्वीने फाटकापाशी उभं राहून ऐकला. जळणं पुरतं गेलं नव्हतं. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती तिथेच थांबली. मग लाकडं आणायला गेली आणि सॉनातल्या बाकावर तिसरा टॉवेल काढून ठेवला.