दोन बाक कमी

"खोटं आहे ते," मावशी म्हणाल्या आणि हातातलं फडकं बाकावर ठेवलं.

मास्तर वाचता वाचता थांबले. दगडी चर्चला सव्वाशे वर्षं होत होती. त्याचा इतिहास लिहिण्याचं काम कमिटीनं या निवृत्त शिक्षकावर सोपवलं होतं आणि ते तरुण पाळकसाहेबांना कच्चा मसुदा वाचून दाखवत होते. पाया कुणी घातला, दगड कुठल्या खाणीतून आले, घंटा कशी चढवली, सगळं आलं होतं. आता पुराचं पान चाललं होतं: 'तत्कालीन पाळकांनी चर्चचे दरवाजे उघडून शेकडो जीव वाचवले.'

"पाळक गावात नव्हतेच. किल्ल्या घेऊन परगावी गेलेले. पाणी चढलं तेव्हा माझ्या आईनं पहारीनं कुलूप फोडलं. मी आठ वर्षांची होते, शेजारीच उभी होते."

मावशींसारखीच त्यांची आईही इथेच झाडलोट करायची. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट.

"मावशी, राग मानू नका," मास्तर म्हणाले, "पण याला पुरावा? मला त्यांनीच अक्षरं शिकवली. देवमाणूस होता तो."

"असेल. पण डावीकडं बारा बाक आणि उजवीकडं दहाच का, ते सांगा की."

मास्तरांनी मान वळवली. जन्मभर ते उजवीकडच्या त्या मोकळ्या जागेजवळ बसत आले होते.

"पोरंबाळं थंडीनं काकडत होती. आईनं दोन बाक फोडून जाळले. तुम्हीही होतात त्यात, चार वर्षांचे, आईच्या कुशीत. पाणी ओसरल्यावर पाळक आले, जळके बाक पाहिले आणि आईला कामावरून काढलं. म्हणाले, देवाच्या घराची नासधूस केलीस. ती मरेपर्यंत आत आली नाही. मी हे काम धरलं तेव्हा एवढंच म्हणाली, भांडण त्या माणसाशी, दगडांशी नाही."

मास्तरांनी मसुद्यातलं ते वाक्य खोडलं.

"तुमच्या आईला कामावरून काढलं, तेही लिहू?"

मावशींनी फडकं पुन्हा उचललं.

"लिहा. आणि पुढचे आठ दिवस त्या पाळकांनी गुडघाभर चिखल स्वतःच्या हातांनी उपसला, तेही लिहा. खरं लिहायचं तर सगळंच लिहा."

चर्चच्या वाढदिवसाच्या उपासनेत मास्तरांनी ते पान उभं राहून वाचलं. मावशी नेहमीसारख्या मागे, दाराशी उभ्या होत्या. कुणी वळून पाहिलं, कुणी मान खाली घातली.

मंडळी पांगली. काठी टेकत एक म्हातारी मावशींपाशी आली.

"त्या पुरात तुझ्या आईनं वेदीवरचं पांढरं कापड ओढून दिलं होतं मला. माझी लेक तीन दिवसांची होती, त्यात गुंडाळली. अजून आहे पेटीत. चोरी वाटायची गं, म्हणून कधी बोलले नाही. उद्या धुऊन आणून देऊ का?"

मावशींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "लेकीसाठीच राहू दे ते."

आणि त्या म्हातारीला पायऱ्या उतरवायला सोबत गेल्या, एकेक पायरी, सावकाश.